आरोग्यखर्चांतील काटकसर आणि शेतकरीवर्ग

शेतकऱ्याच्या भांडवलाची मोजदाद करितांना जमीन, विहीर, बैल, अवजारें व बीबियाणें यांचा हिशेब आपण काळजीनें मांडतों. परंतु हें सर्व भांडवल ज्याच्या हातून फळास यावयाचें तो माणूस धडधाकट आहे किंवा नाहीं, हा रकाना आपल्या वहींत बहुधा कोराच राहतो. पेरणीच्या ऐन आठवड्यांत घरचा कर्ता तापानें अंथरुणास खिळला, अथवा कापसाची वेंचणी तोंडावर आली असतां मजुरांच्या वस्तींत हिंवताप शिरला, म्हणजे त्या कोऱ्या रकान्याचें मोल कळतें. पण तोंपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.

या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें कारण असें कीं, सरकारी जमाखर्चाची तोंडमिळवणी करावयाची वेळ आली म्हणजे ज्या खात्यांवर फारसा गवगवा न होतां कात्री चालते, त्यांत सार्वजनिक आरोग्याचें खातें एक होय. रस्ता अर्धवट राहिला तर तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास दिसतो. उपकेंद्रांतील औषधाचें कपाट रिकामें राहिलें तर तें ज्याचें मूल आजारी पडतें त्यासच दिसतें, आणि त्या वेळीं गाऱ्हाणें सांगत बसण्यास त्यास सवड नसते. म्हणून ही गोष्ट शांतपणें, आंकडे समोर ठेवून, आधींच पाहिली पाहिजे. आरोग्यावरील खर्चांत केलेली कपात ही बचत नव्हे. तो खर्च सरकारी खतावणींतून निघून शेतकऱ्याच्या व मजुराच्या खात्यावर चढतो, आणि चढतांना व्याज घेऊन चढतो. एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

व्यवस्था काय आहे

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला. केवळ पैसा नाहीं एवढ्याच कारणानें कोणासहि योग्य उपचारास मुकावें लागूं नये, हें त्या अहवालाचें मूलतत्त्व होतें. पुढें १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्यकेंद्रें निघूं लागलीं. आजच्या मानाप्रमाणें सपाटीच्या प्रदेशांत ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र व १,२०,००० वस्तीस एक ग्रामीण रुग्णालय असावें असा दंडक आहे. डोंगराळ व आदिवासी भागांत हेच आंकडे अनुक्रमें ३,०००, २०,००० व ८०,००० असे आहेत. या साखळीचा पुष्कळसा खर्च राज्य सरकार सोसतें. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चांत केंद्राचे ६० व राज्याचे ४० अशी वांटणी आहे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें असें उद्दिष्ट ठेविलें होतें कीं, केंद्र व राज्यें यांचा मिळून आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पादनाच्या शेंकडा अडीचवर न्यावा, आणि राज्यांनीं २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाचा शेंकडा आठांहून अधिक भाग आरोग्यास द्यावा. प्रत्यक्षांत २०१३-१४ मध्यें हा एकंदर सरकारी खर्च शेंकडा १.१५ होता, तो २०२१-२२ मध्यें, महामारीच्या निकडींतसुद्धां, शेंकडा १.८४ पर्यंतच पोंचला. तरी एवढ्या वाढीचेंहि फळ दिसून आलें. देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं जो भाग कुटुंबांस स्वतःच्या खिशांतून भरावा लागतो, तो याच अवधींत शेंकडा ६४.२ वरून ३९.४ वर उतरला. हे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे. सरकारचा हात जसजसा पुढें आला तसतसा घरावरील भार हलका झाला. तोच हात मागें घेतला तर भार कोणाच्या डोक्यावर जाईल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

कपात कोणत्या वाटांनीं येते

आरोग्याची तरतूद आम्ही कमी करीत आहों, असें कोणतेंहि सरकार उघडपणें सहसा सांगत नाहीं. कपात येते ती आडवाटांनीं. त्या वाटा शेतकऱ्यानें ओळखून ठेवाव्या.

पहिली वाट सुधारित अंदाजाची. मार्चमध्यें मोठा आंकडा जाहीर होतो आणि वर्षाच्या मध्यावर तो मुकाट्यानें खालीं येतो. २०१४-१५ सालीं डिसेंबरच्या सुमारास केंद्रीय आरोग्यखात्याच्या तरतुदींतून सुमारें ६,००० कोटि रुपये, म्हणजे जवळजवळ पांचवा हिस्सा, तूट आवरण्यासाठीं काढून घेण्यांत आला होता. अंदाजपत्रकाच्या दिवशीं टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं किती जणांस हें कळलें असेल ?

दुसरी वाट रिकाम्या जागांची. वैद्यकीय अधिकाऱ्याची वा परिचारिकेची जागा मंजूर असते, पण ती भरली जात नाहीं. पगार वांचतो, आणि कागदावर केंद्र मात्र चालूच राहतें. तिसरी वाट विलंबाची. रक्कम मंजूर होते, पण हातीं पडते ती वर्षाच्या अखेरीस; तोंवर औषधांची खरेदी लांबते आणि पुरवठादारांचीं देणीं थकतात. चौथी वाट विमायोजनांची. योजनेचा लाभ कागदावर वाढवावयाचा, पण त्या मानानें पैसा द्यावयाचा नाहीं. मग रुग्णालयांचीं बिलें तुंबतात, आणि दारीं आलेल्या गरिबास खाट शिल्लक नाहीं असें उत्तर मिळतें. दहा माणसांची भाकरी शंभरांस वाढली तर पंगत मोठी दिसेल, पण पोट कोणाचेंच भरणार नाहीं.

खर्च नाहींसा होत नाहीं

आतां या कपातीचा हिशेब घराच्या वहींत मांडून पाहूं. २०१७-१८ मध्यें झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणींत असें आढळलें कीं, खेड्यांतील रोग्यास रुग्णालयांत राहावें लागल्यास, बाळंतपणें वगळून, सरासरी खर्च सरकारी रुग्णालयांत ४,२९० रुपये व खासगी रुग्णालयांत २७,३४७ रुपये येत असे. म्हणजे सरकारी दवाखान्याचें दार बंद झालें कीं खर्च सहा पटींहून अधिक झाला.

समजा, एका कोरडवाहू शेतकऱ्यानें हे २७,३४७ रुपये सावकाराकडून दरमहा शेंकडा तीन व्याजानें काढले. पहिल्या वर्षाचें नुसतें व्याजच ९,८४५ रुपयांच्या जवळपास होतें. मुद्दल जागच्या जागीं राहतें. प्रधानमंत्री किसान सन्मान निधींतून वर्षास मिळावयाचे ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधींतून मिळावयाचे ६,००० अशी १२,००० रुपयांची बेरीज धरली, तरी तिच्यांतील चार हिस्स्यांहून तीन हिस्से अधिक त्या एका आजाराच्या व्याजांतच गेले. एका हातानें दिलेलें दुसऱ्या वाटेनें परत गेलें. फरक इतकाच कीं तें सरकारच्या तिजोरींत न जातां सावकाराच्या पेटींत गेलें. पुढल्या वर्षीं पाऊस हुकला तर प्रथम गोठ्यांतील जनावर बाजारास जातें व त्यामागोमाग जमिनीचा तुकडा गहाण पडतो. तेव्हां अशा शेतकऱ्याच्या कर्जाचें कारण पिकांत शोधून उपयोग नाहीं; तें औषधाच्या चिठ्ठींत सांपडेल.

रानांतील अपघात व जवळचा दवाखाना

कित्येकांची समजूत अशी आहे कीं, आरोग्याचा प्रश्न म्हणजे शहरांतील मोठ्या शस्त्रक्रियांचा प्रश्न. शेतकऱ्याचे अपघात मात्र बांधावर घडतात, आणि त्यांचा निकाल पहिल्या एकदोन तासांत लागतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे सरासरीनें वर्षास ५८ हजार. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतील, आणि पेरणी-निंदणीच्या पावसाळी महिन्यांत विशेष. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सापांच्या विषावर चालणारें प्रतिविष, ज्यास लोक सापाची लस म्हणतात, आपल्या देशांत तयार होतें. परंतु एका रोग्यास प्रारंभींच आठ-दहा कुप्या लागतात. त्या जवळच्या आरोग्यकेंद्रांत असल्या व देणारा माणूस हजर असला तर प्राण वांचतात. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गांवीं असून भागत नाहीं. मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. आराखडा लिहावयास कागद पुरतो. कुपी मात्र विकत घ्यावी लागते.

सरकारी खर्च थोडा असूनहि त्याचें फळ किती मोठें येतें, याचें उदाहरण कोंकणांतच आहे. महाड-पोलादपूरच्या बाजूस लाल विंचवाच्या दंशानें मुलें व माणसें मरत. सरकारी नोकरींत त्या भागांत काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून लक्षणें टिपलीं, आणि रक्तदाबावर वापरलें जाणारें प्राझोसिन हें स्वस्त औषध या दंशावर गुणकारी आहे असें दाखवून दिलें. पूर्वी गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा ३० ते ४० दगावत. तें प्रमाण पुढें शेंकडा एकाच्या आसपास आलें. येथें कोट्यवधींची यंत्रसामग्री नव्हती. खेड्यांत राहणारा डॉक्टर, उघडा असलेला सरकारी दवाखाना व कपाटांत असलेली गोळी, एवढ्या तीन गोष्टी होत्या. काटकसरीची कात्री नेमकी याच तीन गोष्टींवर प्रथम पडते.

फवारणीचेंहि असेंच आहे. २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें मारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. त्या दिवसांत त्यांचा मोठा आधार यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय हाच होता. अशा विषबाधेंत रोग्यास दिवसचे दिवस देखरेखीखालीं ठेवावें लागतें, आणि कित्येकांस कृत्रिम श्वासोच्छ्वासाचें यंत्र लावावें लागतें. रोजावर पंप पाठीस बांधणाऱ्या मजुरास हा खर्च खासगी रुग्णालयांत कोठून झेपावा ? आणि ज्याच्या शेतांत तो फवारत होता त्या शेतकऱ्यानें तरी तो कोठून द्यावा ?

ज्यांचा आवाज पोंचत नाहीं

सरकारी व्यवस्था दुबळी झाली म्हणजे सर्वांत आधीं व सर्वांत जास्त कोण भरडलें जातें, याचें उदाहरण बीड जिल्ह्यानें २०१९ सालीं राज्यापुढें ठेविलें. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयीं ओरड झाल्यावर विधान परिषदेच्या त्या वेळच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमण्यांत आली. सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हां त्यांपैकीं १३,८०० हून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. कामाचा खाडा झाला तर मजुरी बुडते, वर मुकादमाचा दंड. फडावर स्वच्छतेची सोय नाहीं. आणि दुखणें घेऊन जावें तर जवळ भरवशाचा सरकारी स्त्रीवैद्य नाहीं. अशा कोंडींत सांपडलेल्या बाईस कोणी सांगितलें कीं पिशवी काढली म्हणजे कटकट संपली, तर ती उचल घेऊन शस्त्रक्रिया करून घेते आणि पुढल्या हंगामांत ती उचल फेडते. जी गोष्ट साध्या तपासणीनें व थोड्या औषधानें निभावली असती, तिच्यासाठीं शरीराचा भाग व वर्षाची कमाई दोन्ही गेलीं. आपल्या उसाची साखर झाली, त्यांत हाहि हिशेब आहे, हें बागाईतदारानें विसरूं नये.

कोणी म्हणेल, हा मजुरांचा प्रश्न झाला. सातबारा ज्याच्या नांवावर आहे त्याचा येथें काय संबंध? तर त्यानें आपल्या घराण्याचा सातबारा तीन पिढ्यांचा काढून पाहावा. महाराष्ट्रांत शेतजमिनीच्या धारणेची सरासरी १९७०-७१ मध्यें ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्यें ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबा जमीनदार म्हणून ओळखले जात असतील. नातू अल्पभूधारक आहे. राज्यानें २०१२ मध्यें आठ जिल्ह्यांत सुरू केलेली व २०१३ मध्यें सर्वत्र नेलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालू राहिली, ती प्रथम पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांसाठीं होती. पुढें विदर्भ-मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांच्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांसहि तींत घ्यावें लागलें; कारण शिधापत्रिका शुभ्र असली तरी घर आंतून पोखरलें होतें. २०२३ मध्यें ही योजना राज्यांतील सर्व कुटुंबांस खुली करण्याचें व प्रतिकुटुंब मर्यादा दीड लाखांवरून पांच लाखांवर नेण्याचें ठरलें. त्याच वर्षीं १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्यखात्याच्या रुग्णालयांतील उपचार विनामूल्य करण्यांत आले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण जी सोय सर्वांची झाली ती टिकविण्याची काळजीहि सर्वांनींच वाहिली पाहिजे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा कीं, केंद्रांत डॉक्टर भेटत नाहीं, औषध मिळत नाहीं, पैसा मधल्यामध्यें मुरतो; मग आणखी द्रव्य कशाला ओतावें ? तक्रार खरी आहे, परंतु तिच्यावरून काढलेलें अनुमान चुकीचें आहे. पाट फुटून पाणी वाया जात असेल तर आपण पाट बांधून काढतों. धरणाचें दार लावून पीक वाळवीत नाहीं. शिवाय डॉक्टर न भेटण्याचें व औषध नसण्याचें एक मोठें कारण कपात हेंच असतें. आधीं उपाशी ठेवावयाचें आणि मग अशक्त म्हणून हिणवावयाचें, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप असा कीं, विमायोजना असल्यावर दवाखान्यांवर वेगळा खर्च कशास ? विमायोजना मोठ्या शस्त्रक्रियेस उपयोगी पडते हें खरें. परंतु मुलास लस टोंचणें, गरोदर बाईचें रक्त तपासणें, क्षयाच्या रोग्यास नियमानें गोळ्या देणें, मधुमेह व रक्तदाब वेळींच हुडकणें, हीं कामें रुग्णालयाच्या खाटेवर होत नाहींत. तीं उपकेंद्रांतील परिचारिका व गांवांतील आशा सेविका करितात. शिवाय गडचिरोली वा मेळघाटासारख्या भागांत नुसत्या विम्याच्या कार्डानें रोगी बरा होत नाहीं. कार्ड चालेल असें रुग्णालय तेथें जवळ असावें लागतें.

तिसरा आक्षेप तिजोरी रिकामी असल्याचा. काटकसरीस आमचा विरोध नाहीं; शेतकऱ्याइतकी काटकसर कोणास ठाऊक आहे ? माणसें न नेमतां इमारती उभारून त्या कुलुपांत ठेवणें, उशिरां खरेदी करून चढ्या भावानें औषध घेणें, वापरणारा नसतां यंत्रें मागविणें, येथें खुशाल कात्री लावावी. तिच्यांतून वांचलेला पैसा मात्र गोळीस, कुपीस व परिचारिकेच्या पगारास मिळाला पाहिजे.

आपण काय करावें

शेतकरीवर्ग संघटित आहे. त्याच्या सोसायट्या आहेत, कारखाने आहेत, बाजार समित्या आहेत. भावासाठीं व पाण्यासाठीं तो मोर्चे काढतो. दवाखान्यासाठीं मात्र तो अजून बोललेला नाहीं. त्यानें प्रथम आपल्या गांवापासून आरंभ करावा. गांवची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिति आणि आरोग्यकेंद्राची रुग्ण कल्याण समिति कायद्याच्या व नियमांच्या कागदांत आहेतच. त्यांच्या सभा होतात कीं नाहीं, किती रक्कम आली, कशावर खर्च झाली, हें ग्रामसभेंत विचारावें. २००७ पासून महाराष्ट्रांतील कांहीं जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख करण्याचा उपक्रम झाला आहे. जनसुनावणींत अधिकाऱ्यांसमोर लोकांनीं आपलीं गाऱ्हाणीं मांडलीं, म्हणजे बंद उपकेंद्रांचीं कुलुपें निघूं शकतात, हा त्यांतला धडा आहे. पावसाळ्यापूर्वी आपल्या केंद्रांत सर्पविषावरील किती कुप्या आहेत, एवढी एक गोष्ट जरी प्रत्येक गांवानें दरवर्षीं मे महिन्यांत विचारली, तरी पुष्कळ काम होईल.

दुसरें, आपल्या आमदारास व जिल्हा परिषद सदस्यास तीन प्रश्न लेखी विचारावे : आरोग्यासाठीं गेल्या वर्षीं तरतूद किती होती, त्यांपैकीं खर्च प्रत्यक्षांत किती झाला, आणि आपल्या तालुक्यांत मंजूर जागांपैकीं रिकाम्या किती आहेत. हे प्रश्न केवळ मार्चच्या अधिवेशनांत नव्हे, तर वर्षाच्या मध्यावर, सुधारित आंकडे तयार होत असतांनाहि विचारावे. कारण कात्री चालते ती त्या वेळीं. तिसरें, सोसायट्यांच्या व साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांत आरोग्यखर्चांतील कपातीविरुद्ध ठराव करून ते सरकारकडे धाडावे, आणि कारखान्यांनीं ऊसतोड मजुरांच्या तपासणीचा भार स्वतः उचलण्यास प्रारंभ करावा. दुसऱ्याकडे मागणी करितांना आपल्या अंगणांतील केर काढलेला असला म्हणजे शब्दास वजन येतें.

टंचाईचें वर्ष कोणत्या घरास चुकलें आहे ? अशा वर्षीं शहाणा शेतकरी सणवार आटोपता घेतो, लग्न पुढें ढकलतो, एक वेळ पोटास चिमटा घेतो; पण कणगींतलें बियाणें तो दळावयास काढीत नाहीं. माणसाचें आरोग्य हें राज्याचें बियाणें आहे. तें दळून आजची भाकरी भागविण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्यास विरोध करणें हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि त्याचें कर्तव्यहि आहे.